मासळीच्या कारखान्यामागची छत्री

आमच्या खात्यात त्यांना सगळे छत्रीबाई म्हणायचे, तोंडावर नुसतं बाई. छत्री म्हणजे पावसात धरायची नव्हे. संशोधनासाठी रॉकेटं सोडतात, मोठाले फुगे सोडतात, ते वर गेले की रेडिओवरून खाली निरोप पाठवत असतात. तो निरोप पकडणारी जाळीची तबकडी म्हणजे आमची छत्री. तिच्या बारा पाकळ्या सुट्या करायच्या, लाकडी पेट्यांत भरायच्या, ट्रकवर चढवायच्या आणि जिथून आकाश मोकळं दिसेल तिथे नेऊन पुन्हा जोडायच्या. ट्रकमागे एक पत्र्याचा डबा ओढला जायचा. त्यात रिसीव्हर, रेकॉर्डर, दोन फिरत्या खुर्च्या आणि एक खिडकी. ट्रक माझा, डबा बाईंचा.

अठरा वर्षं आम्ही माळरानं, किनारे, बंद पडलेल्या धावपट्ट्या पालथ्या घातल्या. बाईंइतकं तिखट नाक मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. डब्यात कुणी चहाचा कप विसरला, तर आंबलेल्या दुधाचा वास त्यांना फाटकापासून यायचा. रिसीव्हरच्या बटणावर तेलकट बोट उमटलेलं दिसलं की आधी ते पुसायच्या, मग बोलायच्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, शांत माणूस. ते एकदा मला म्हणाले, "दादा, मी हिला बघायला गेलो तेव्हा हिने आधी माझी नखं बघितली, मग तोंड."

"मग? नखं स्वच्छ होती म्हणून हो म्हटलं," बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

ऑफिसात त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते. पण अठरा वर्षांत बाईंनी जोडलेल्या छत्रीने ऐनवेळी दगा दिला असं एकदाही झालं नाही. केबलच्या तोंडाशी धुळीचा कण राहिला तर वरचा निरोप निम्माच खाली पोचतो, हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते पुसायचे मात्र बाईच.

त्या वर्षी साहेबांनी आमची छत्री दुसऱ्या एका तुकडीला तीन महिने उसनी दिली. परत आली त्या सकाळी बाईंनी डब्याचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी आत डोकावलो. खाऊन टाकलेल्या जेवणावर हिरवी लव चढली होती. रिसीव्हरच्या हवेच्या जाळीत कुणीतरी सिगारेटची थोटकं खुपसून विझवली होती. कोपऱ्यात झाकण लावलेली एक बाटली होती, त्यातलं पिवळं पाणी कशाचं ते मी विचारलं नाही. आणि रॅकखालून केबल ओढली तर तिच्याबरोबर एक मांजर आलं, मरून वाळलेलं, पापडासारखं.

बाईंनी नाकाला रुमाल बांधला आणि चार दिवस तो डबा घासला. पाचव्या दिवशी तक्रारीचा कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब आमच्या केंद्राचे प्रमुख. गोरे, गोल, सुगंधी माणूस. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. डब्यात त्यांनी कधी पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही.

"बाई, आपण रॉकेट पकडतो," ते हसत म्हणाले. "स्वयंपाकघर नाही चालवत."

"स्वयंपाकघरात मांजर मेलं असतं तर तुम्ही जेवला नसतात साहेब."

कागद तिथेच राहिला. कारण महिन्याभरात एक रॉकेट सुटायचं होतं आणि साहेबांच्या डोक्यात पाहुण्यांची यादी घोळत होती.

रॉकेट लहानसंच. सरळ वर जायचं, आठ मिनिटांनी समुद्रात पडायचं. त्याच्या टोकाशी एक पेटी होती, फार उंचावरची विरळ हवा मोजणारी. ती एका प्राध्यापकांनी बनवली होती. सडपातळ, वाकलेले, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. चार वर्षं त्या पेटीत गेली होती आणि सगळी कमाई आठ मिनिटांची. त्यातलीही मधली दोन-तीन मिनिटं खरी, म्हणजे रॉकेट सगळ्यात उंच असेल तेव्हाची. रॉकेट सोडायच्या जागेवरची मोठी छत्री दुरुस्तीला उघडून ठेवलेली, त्यामुळे पेटी जे बोलेल ते ऐकायला आम्हीच. पुन्हा सांगा म्हणायची सोय नाही.

बाईंनी जागा आधीच हेरली होती. किनाऱ्यावर दीपगृहाशेजारी एक उघडा कडा होता. वारा भरपूर, माणूस नाही, चहूकडे आकाश. साहेब म्हणाले, नाही. तिथून दोन मैलांवर त्यांच्या एका मित्राचा कारखाना होता, मासळी वाळवून, दळून तिची भुकटी करायचा. कारखानदाराने मागचं आवार फुकट देऊ केलं होतं. पाहुण्यांना बसायला जागा, गाड्या लावायला जागा आणि वर जेवण.

आम्ही पोचलो तेव्हा आवाराच्या फाटकातच बाईंनी काच वर केली. उपयोग झाला नाही. तो वास काचेतून येत होता, पत्र्यातून येत होता. उघड्यावर मासळीचे ढीग, त्यांतून काळपट पाणी झिरपून आमच्या चाकांखाली आलेलं. आणि माश्या! जोडायला काढलेली पाकळी क्षणात काळी व्हायची. बोल्ट धरायला हात पुढे केला की बोल्ट दिसायचा नाही.

"मासे त्यांचे, माश्या आपल्या," मी म्हणालो. बाईंना हसू आलं नाही. जोडणी संपेपर्यंत त्या तोंडाने श्वास घेत होत्या.

पण वासापेक्षा मोठी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. आमचा जनरेटर साहेबांनी पाहुण्यांच्या मांडवाकडे वळवला होता. तिथे पंखे, भोंगा आणि थंड पेयांचं कपाट चालायचं होतं. डब्याला वीज कारखान्याच्या तारेवरून. दुपारी कारखान्यातली दळणाची चक्की सुरू झाली आणि डब्यातला दिवा पिवळा पडला. बाईंनी तपासणीसाठी सिग्नल लावला होता. कागदावर सरळ जाणारी रेघ एकदम केसाळ झाली. चक्कीची मोटार जुनी, तिच्या ठिणग्यांची खरखर सगळी आमच्या रिसीव्हरमध्ये. चक्की थांबली, रेघ साफ. पुन्हा सुरू, पुन्हा केसाळ. बाईंनी हे सहा वेळा ताडून पाहिलं, वेळा लिहिल्या आणि तो कागद घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"आपला जनरेटर परत द्या. नाहीतर कड्यावर चला. अजून दोन दिवस आहेत."

"पत्रिका छापून झाल्यात बाई," साहेब म्हणाले. "आठ मिनिटं चक्की बंद ठेवतील की ते. मी शब्द घेतलाय."

शेजारी कारखानदार उभा होता. त्याने छातीवर हात ठेवला. "तुमचं रॉकेट ते माझं रॉकेट."

रॉकेट सकाळी साडेदहाला सुटलं. डब्यात बाई आणि प्राध्यापक, मी दाराशी. मागे मांडवात टाळ्या वाजल्या, भोंग्यावरून साहेबांचा आवाज आला. रिसीव्हरवर पेटीचा सिग्नल आला, स्वच्छ, भरदार. पेन कागदावर सुरेख रेघ काढायला लागलं. प्राध्यापकांचे ओठ हलत होते, सेकंद मोजत असावेत. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन.

आणि दिवा पिवळा पडला.

"चक्की!" बाई ओरडल्या. "दादा, पळा!"

मी पळालो. त्या चिकट पाण्यात एकदा आपटलो, उठलो, कारखान्यात घुसलो. मुकादम म्हणाला, माल गरम झालाय, आता थांबवला तर सडेल, मालकांनीच चालू करायला सांगितलंय. मी म्हटलं, बटण कुठे? त्याने मला ढकललं, मी त्याला ढकललं. शेवटी भिंतीवरचा चक्कीचा मोठा खटका मीच खाली ओढला. चक्की थांबली. परत येईपर्यंत पेन पुन्हा सुरेख रेघ काढत होतं. पण रॉकेट आता खाली येत होतं. दोन मिनिटं गेली होती, नेमकी वरची दोन मिनिटं. प्राध्यापकांची नजर कागदावरच होती, त्यामुळे खटका, चक्की, माझे भरलेले कपडे यांतलं काहीच त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांना फक्त केसाळ पट्टा दिसत होता.

"माझंच काहीतरी गेलं," ते हळू आवाजात म्हणाले.

बाई बोलायला वळल्या, तेवढ्यात साहेब दारात आले आणि प्राध्यापकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मांडवाकडे घेऊन गेले.

मांडवात जेवणं सुरू झाली. साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं की मोहीम यशस्वी. पाहुणे माश्या हाकलत जेवले. मीही जेवलो, लपवत नाही. भूक लागली होती. पण बाई डब्यातून उतरल्या नाहीत.

तासाभराने साहेब टंकलेला कागद घेऊन डब्यापाशी आले, आत न शिरता खिडकीतून तो पुढे केला. "इथे सही."

बाईंनी वाचला. सिग्नलमधल्या खंडाचं कारण: रॉकेटवरील पेटीच्या सिग्नल प्रक्षेपकात बिघाड.

"हे खरं नाही साहेब. सिग्नलचा जोर कमी झालाच नाही. आपल्याकडची खरखर वाढली. पेनने लिहिलंय."

"मग काय लिहू? आपण माश्यांत बसलो होतो असं? चौकशी लागेल, तुम्हीही त्यात याल. फिरतं केंद्र चालवणारी म्हणून सही तुमचीच." मग आवाज मऊ करून म्हणाले, "त्याचं काय हो? तो पुढच्या वर्षी घरीच जाणार. त्याचं काय बिघडतं?"

बाईंनी सही केली.

हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो. नंतर त्यांना कुणी कुणी बरंच मोठं केलं, पण त्यांनी सही केली होती. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला फक्त तिथून निघायचं होतं दादा. आंघोळ करायची होती. दुसरं काही डोक्यात नव्हतं." आणि मी मध्ये पडलो का? नाही. माझ्या हातात ताट होतं.

परतताना प्राध्यापक आमच्या ट्रकमध्येच बसले, आम्हा दोघांच्या मध्ये. साहेबांनी त्यांना कारण सांगितलं होतं. मांडीवर वही उघडी. स्वतःशीच बोलावं तसं ते बोलत होते, "पेटीतल्या तिसऱ्या पट्टीवरचा तारेचा एक जोड मी घाईत केला होता. बायको दवाखान्यात होती तेव्हा. वाटलं होतं पुन्हा करावा, मग राहून गेलं. तोच सुटला असणार. दुसरं काय?" पान उलटायचे, पुन्हा मागे यायचे. "लोकांचं रॉकेट वाया घालवलं मी."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. बाईही काही बोलल्या नाहीत. दहा-बारा मैलांवर त्या म्हणाल्या, "दादा, थांबवा." उतरल्या, रस्त्याच्या कडेला जाऊन भडभडून ओकल्या. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी. प्राध्यापक स्वतःची बाटली घेऊन खाली उतरले, त्यांना पाणी दिलं.

"फार वास होता हो तिथे," ते म्हणाले. "तुम्हाला सहन झाला नसणार."

मला त्या क्षणी ट्रकमधून उडी मारून पळून जावंसं वाटलं.

पुढचे आठ दिवस बाई कामावर येत होत्या, पण कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांचे यजमान मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "दिवसातून दहा वेळा हात धुते. मी म्हटलं, अगं, मासळीचा वास कधीच गेला. तर म्हणते, तुम्हाला येत नाही, मला येतो. दादा, काय झालं तिथे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिने? मी काय तिला घराबाहेर काढणार होतो?"

नवव्या दिवशी रविवार होता. बाई माझ्या दाराशी आल्या. काखेत गुंडाळलेला कागद, त्या दिवशीची सगळी रेघ. "चला माझ्याबरोबर. एकटीने जायची हिंमत नाही."

प्राध्यापकांची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. रविवार असून ते आत होते. टेबलावर तशीच दुसरी पेटी उघडून ठेवली होती, जोडीला बनवलेली. डोळ्याला भिंग लावून ते एकेक जोड तापवून तोडून बघत होते. किती तोडले असतील कोण जाणे. बोटांची टोकं भाजलेली होती.

बाईंनी कागद टेबलावर पसरला. "सर, तुमची पेटी बिघडली नव्हती. ही सिग्नलची रेघ, कुठे खाली आली आहे का बघा. आणि ही आमची खरखर. इथे चक्की सुरू झाली, इथे दादांनी बंद केली. मला तेव्हाच माहीत होतं. तरीही मी सही केली."

त्यांनी भिंग काढलं. कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला, मग पुन्हा. मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल, ते आभार मानतील. माणूस किती भाबडा असतो.

"नऊ दिवस," ते म्हणाले. "ट्रकमध्ये मी तुमच्या शेजारी बसलो होतो."

"हो."

"तुम्ही दोघंही होतात."

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"मी बायकोला सांगितलं, तुझ्या आजारपणात जोड कच्चा राहिला. तिला सांगितलं मी!" हातातली डाख द्यायची सळई त्यांनी टेबलावर आपटली. "तुमची मला किळस येते बाई. कागद ठेवा आणि जा."

बाई "बरं" म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून रडल्या. मी तोवर त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी स्वतः लेखी दिलं: मी खोट्या कारणाखाली सही केली, खरं कारण असं, पुरावा जोडला आहे. साहेब लाल झाले, मग पांढरे. चौकशी बसली. तीन माणसं आली, कॉफी प्याली. कारखानदार म्हणाला, चक्की कुणी चालू केली ते त्याला माहीत नाही. मुकादमाने मी त्याला मारल्याचं सांगितलं. जनरेटर मांडवाकडे कसा गेला याचा कागदच सापडला नाही. निष्कर्ष निघाला की अडथळा तांत्रिक होता आणि कुणा एकाला दोष देता येत नाही. साहेबांची वरच्या ऑफिसात बढतीवर बदली झाली. बाईंना शिस्तभंगाचा ताशेरा मिळाला आणि डब्यातून काढून मीटर दुरुस्तीच्या खोलीत बसवलं. मला एक ठपका. छत्री नव्या माणसांकडे गेली. महिन्याभरात तिच्या बोल्टना गंज दिसायला लागला.

रेकॉर्डरने कागदाबरोबर टेपवरही सिग्नल टिपला होता; प्राध्यापकांनी ती मूळ टेप मात्र मागवून घेतली. चक्कीच्या खरखरीखाली पेटीचा आवाज होता, दबलेला. तो वेगळा काढायला त्यांना आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीला सात महिने लागले. दोन मिनिटांतली एक्केचाळीस सेकंदं सुटून आली. बाकी गेलं ते गेलंच. बाईंनी खरखरीच्या नोंदी, मोटारीचा वेग, तारेवरच्या विजेचा दाब, सगळं विद्यार्थिनीला पोस्टाने कळवलं. प्राध्यापकांनी त्यांना एक अक्षर लिहिलं नाही.

दोन वर्षांनी खात्याची वार्षिक सभा भरली. मोठं सभागृह, वर साहेब, आता आणखी गोल. भाषणात त्यांनी आमचंच उदाहरण दिलं. "अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत आमच्या फिरत्या केंद्राने अमूल्य माहिती वाचवली. खरखरीतून एक्केचाळीस सेकंदं खेचून काढली. हे असतं नेतृत्व!" टाळ्या पडल्या.

बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. टाळ्या थांबायची वाट पाहिली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साहेब, उरलेली एकोणऐंशी सेकंदं तुमच्या थंड पेयांच्या कपाटाने खाल्ली. तेही सांगा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चहाची सुट्टी जाहीर झाली.

लोक उठले आणि आमच्या भोवतीची जागा रिकामी झाली. ओळखीची माणसं दुसऱ्या दाराने गेली. एक जुना सहकारी जाता जाता कुजबुजला, "छान केलंत बाई," आणि इकडे तिकडे बघून सटकला.

"बघा," बाई म्हणाल्या. "कसं बोलला बघा. चोरी केल्यासारखा."

"तुम्हाला तरी बरं वाटलं ना?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "नाही हो. वाटेल असं वाटलं होतं."

आम्ही चहा न घेता बाहेर पडलो. त्यांना पुढच्या महिन्यात दूरच्या भांडारात पाठवलं; तिथूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ त्यांनी नाकारला. आता यजमानांच्या दुकानात बसतात, घड्याळाचे बारीक भाग साफ करतात. मी अधूनमधून जातो. साहेबांचं नाव निघालं तर त्या विषय बदलतात, प्राध्यापकांचं निघालं तर काम थांबवतात. ते गेल्या वर्षी वारले. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, आम्ही कोण ते विचारलं. बाईंनी सांगितलं. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं, आणि दारातून बाजूला झाल्या. आम्ही आत जाऊन बसलो.